गृहोद्योग व पर्यावरण

राहत्या घरात, मुख्यत्वे कुटुंबातील व्यक्तींच्या श्रमाने चालणाऱ्या उत्पादनव्यवसायास गृहोद्योग म्हणतात. पापड, लोणची, मसाले व फराळाचे पदार्थ तयार करणे, जेवणाचे डबे पुरविणे, शिवणकाम, विड्या वळणे, मूर्ती घडविणे व दागिन्यांचे काम हे महाराष्ट्रातील गृहोद्योगांचे परिचित प्रकार होत. या उद्योगांत घर हेच कार्यस्थळ असल्याने धूर, धूळ, सांडपाणी व टाकाऊ पदार्थ यांचा पहिला परिणाम काम करणाऱ्या व्यक्तीवर आणि घरातील मुले व वृद्ध यांच्यावर होतो. कारखान्यातील कामगार पाळी संपल्यावर तेथील हवेतून बाहेर पडतो. गृहोद्योग करणारी व्यक्ती त्याच हवेत झोपते. त्यामुळे येथे पर्यावरणरक्षण व आरोग्यरक्षण हे दोन वेगळे विषय राहत नाहीत.

यासंबंधीचे उपाय दोन प्रकारचे असतात. काहींमुळे प्रदूषणाचा भार मुळातच कमी होतो, तर काहींमुळे तो केवळ एका जागेहून दुसऱ्या जागी जातो. दुसऱ्या प्रकारचे उपायही पुष्कळदा आवश्यक असतात. तथापि कोणता उपाय कोणत्या प्रकारचा आहे, हे ओळखल्याशिवाय त्याचे खरे मूल्य ठरविता येत नाही.

इंधन व चूल : खाद्यपदार्थांच्या गृहोद्योगात सर्वांत मोठा भार इंधनाचा असतो. २०११ च्या जनगणनेनुसार भारतातील सु. दोन-तृतीयांश कुटुंबे स्वयंपाकासाठी लाकूडफाटा, पिकांचे अवशेष, शेणाच्या गोवऱ्या इ. इंधने वापरीत होती. साध्या चुलीत इंधनातील उष्णतेचा सु. १० ते १५ टक्के भागच भांड्यापर्यंत पोहोचतो. अपूर्ण ज्वलनामुळे कार्बन मोनॉक्साइड व अतिसूक्ष्म कण निर्माण होतात. घरातील अशा प्रदूषणामुळे २०२० मध्ये जगात सु. ३२ लाख मृत्यू घडून आले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. न्यूमोनिया, श्वासनलिकांचे दीर्घकालीन विकार, हृदयविकार व फुप्फुसाचा कर्करोग यांच्याशी या धुराचा संबंध आढळला आहे.

चूल सुधारण्याचे प्रयत्न भारतात जुने आहेत. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे वर्धा येथील मगनवाडी हे केंद्र होते. तेथील ‘मगन चूल’ व हैदराबाद येथे एस्. पी. राजू यांनी १९५० च्या सुमारास तयार केलेली धुराड्याची चूल हे आरंभीचे नमुने होत. १९८०–९० या दशकात केंद्र शासनाने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला व तो २००२ पर्यंत चालला. धुराड्यात काजळी साठून ते तुंबणे आणि दुरुस्तीची सोय नसणे या कारणांनी पुष्कळ चुली बंद पडल्या. शिवाय धुराडे धूर घराबाहेर नेते. ज्वलन सुधारले नाही, तर तो गल्लीत व शेजारच्या घरांत पसरतो.

२०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे द्रवरूप खनिज वायूच्या शेगड्या कोट्यवधी घरांत पोहोचल्या. परंतु कुटुंबाचा स्वयंपाक वायूवर आणि व्यवसायाची मोठी पातेली लाकडावर अशी विभागणी जेथे राहते, तेथे धुराचा धोकाही राहतो. विजेच्या प्रवर्तन शेगडीत घरात धूर मुळीच होत नाही; मात्र वीज कोळशावर निर्माण केलेली असल्यास उत्सर्जन वीजनिर्मिती केंद्राकडे सरकते. भारतातील जालप्रणालीतून मिळणाऱ्या विजेच्या एका एककामागे सरासरी सु. ०·७ किग्रॅ. कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडतो. घरातील फुप्फुसांच्या दृष्टीने हा बदल मोठा लाभ आहे; हवामानाच्या दृष्टीने तो वीज कशी निर्माण होते यावर अवलंबून राहतो.

उष्णतेची बचत हा मात्र भार मुळात कमी करणारा उपाय होय. एक लिटर पाणी ३०° से. पासून १००° से. पर्यंत तापविण्यास सु. २९० किलोज्यूल उष्णता लागते, तर उकळत्या एक लिटर पाण्याची पूर्ण वाफ होण्यास सु. २,२६० किलोज्यूल, म्हणजे जवळजवळ आठपट उष्णता लागते. उकळी आल्यावर आच मोठी ठेवल्याने पाण्याचे तापमान वाढत नाही. फक्त वाफ वाढते. ६० टक्के कार्यक्षमतेच्या शेगडीवर अशी एक लिटर पाण्याची वाफ विनाकारण दवडली, तर सु. ८० ग्रॅ. वायू वाया जातो. डाळी आधी भिजविणे, भांड्यावर झाकण ठेवणे, दाबपात्र वापरणे आणि उकळी आल्यावर आच मंद करणे या साध्या गोष्टींना व्यवसायात विशेष महत्त्व आहे, कारण तेथे हीच क्रिया दिवसातून अनेकदा होते.

सौर उष्णता, प्रकाश व वीज : पापड, कुरडया, सांडगे, मिरच्या इ. उन्हात वाळविण्याची रीत इंधन मुळीच खर्च करीत नाही. १९५९ मध्ये मुंबईतील गिरगावात सात स्त्रियांनी सुरू केलेला ‘लिज्जत’ पापडाचा उद्योग घरोघरी लाटण्याच्या पद्धतीवर वाढला. उघड्यावर वाळवण घातल्यास धूळ, माश्या व अवेळी पाऊस यांचा उपद्रव होतो; पारदर्शक आच्छादनाची व हवा खेळती ठेवणारी सौर वाळवणपेटी वापरल्यास तो टळतो. [⟶ सौर ऊर्जा].

६० वॉटच्या तंतुदीपाइतका प्रकाश सु. ९ वॉटच्या एल्ईडी दिव्यापासून मिळतो. शिलाई यंत्राची जुन्या पद्धतीची क्लच मोटर शिवण थांबली तरी फिरत राहते. सर्व्हो मोटर केवळ शिवताना फिरते, त्यामुळे तुकड्या-तुकड्याने चालणाऱ्या कामात विजेची लक्षणीय बचत होते.

पाणी व ओला कचरा : भांडी व भाजी धुतलेले पाणी जाळी व तेल अडविणारे कुंड यांतून नेऊन परसबागेस किंवा शोषखड्ड्यात सोडता येते. लोणच्याचे खारे पाणी मात्र बागेत घालू नये. मिठामुळे जमीन नापीक होते. छपरावर पडणाऱ्या १ मिमी. पावसापासून दर चौ. मी. ला एक लिटर पाणी मिळते. त्यामुळे ७०० मिमी. पावसाच्या प्रदेशात ५० चौ. मी. छपरावरून, गळती व बाष्पीभवन वजा जाता, सु. २८,००० लिटर पाणी साठविता येते.

तळणीचे तेल वारंवार तापविल्याने त्यात अपायकारक संयुगे वाढतात. २०१८ पासून तेलातील एकूण ध्रुवीय संयुगांची मर्यादा भारतात २५ टक्के ठरविण्यात आली. असे तेल मोरीत ओतल्यास नळ तुंबतात. ते जमा केल्यास त्यापासून जैव डीझेल तयार करता येते.

भाजीची देठे, साली व खरकटे यांचे खत करता येते किंवा ते जैव वायू संयंत्रात घालता येते. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली खरकट्यावर चालणारे लहान घरगुती संयंत्र तयार केले. त्यास २००६ मध्ये अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. एक घ. मी. जैव वायू सु. ०·४५ किग्रॅ. द्रवरूप खनिज वायूची जागा घेऊ शकतो. संयंत्रास गळती असल्यास मात्र लाभाऐवजी हानी होते, कारण शंभर वर्षांच्या कालावधीत मिथेनाची तापनक्षमता कार्बन डाय-ऑक्साइडाच्या २५ पटींहून अधिक आहे. [⟶ जैव वायू].

धूळ, रसायने व वेष्टन : विडी वळताना उडणारी तंबाखूची धूळ घरातील सर्वांच्या श्वासावाटे आत जाते. दागिन्यांच्या झाळकामात कॅडमियमयुक्त डाक वापरल्यास विषारी वाफा निर्माण होतात. स्वयंपाकाच्या खोलीत असे काम करणे घातक असते. रायगड जिल्ह्यातील पेण येथील गणेशमूर्तींचा उद्योग घराघरांत चालतो. प्लॅस्टर ऑफ पॅरिसची मूर्ती पाण्यात सहज विरघळत नाही. शाडूची मूर्ती लवकर विरते. तथापि शाडूही खणूनच काढावी लागते व तिचा गाळ जलाशयात साठतो. म्हणून मूर्तीचा आकार लहान ठेवणे, शिसे व पारा यांपासून मुक्त रंग वापरणे आणि विसर्जनानंतरची माती पुन्हा वापरणे यांस महत्त्व आहे.

वेष्टनाबाबत महाराष्ट्राने २०१८ मध्ये आणि केंद्र शासनाने २०२२ मध्ये एकदाच वापरावयाच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी घातली. डबे पुरविणाऱ्या व्यवसायात परत येणारा धातूचा डबा हा कचरा मुळातच टाळणारा उपाय होय.

आर्थिक बाजू : पुष्कळ गृहोद्योगांत कच्चा माल व्यापारी पुरवितो आणि मजुरी नगावर मिळते. जागा, वीज व पाणी यांचा खर्च अशा वेळी घरावर पडतो आणि धूर व धूळही घरातच राहते. १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने स्वीकारलेल्या घरकामविषयक कराराने घरी काम करणाऱ्यांना सुरक्षितता व आरोग्य यांबाबत इतर कामगारांच्या बरोबरीची वागणूक मिळावी, हे तत्त्व मांडले. चांगली शेगडी, वायुवीजन वा संयंत्र यांसाठी आरंभी भांडवल लागते, तर बचत हप्त्याहप्त्याने हाती येते. केवळ नगावरच्या मजुरीतून हे भांडवल उभे राहणे कठीण असते. त्यामुळे सहकारी संस्था, बचत गट व माल घेणारा व्यापारी यांनी या खर्चाचा वाटा उचलला, तरच सुधारणा टिकून राहते. असे न झाल्यास वस्तूची किंमत बाजारात स्वस्त राहते आणि उरलेली किंमत घरातील माणसांच्या आरोग्यातून वसूल होते.