रोम, फ्लोरेन्स, पिसा : घुमट, विटा आणि माती

इटलीला जाऊन आलो म्हटलं की होस्टेलवर पहिला प्रश्न येतो, "मनोऱ्याला हात लावलेला फोटो काढला का रे?" काढला! आमच्या सिव्हिलच्या बावीस जणांत आणि सोबतच्या दोन सरांत एकही त्यातून सुटला नाही. पण आठ दिवस गाइड मंडळी राजे, पोप आणि सनावळ्या सांगत होती, आणि आमच्या डोक्यात मात्र एकच प्रश्न : हे सगळं उभं कसं राहिलं? आमच्यातल्या काहींच्या घरच्यांनी कर्ज काढून त्यांना पाठवलं होतं. तेव्हा नुसते फोटो दाखवून भागणार नाही, समजलं तेवढं लिहितो.

रोममधलं पँथिऑन म्हणजे सुमारे इ. स. १२५ मधलं देऊळ. पुढे त्याचं चर्च झालं. आत शिरल्यावर मान वर जाते ती खाली येत नाही. ४३.३ मीटर व्यासाचा काँक्रीटचा घुमट, आणि त्यात सळई एकही नाही! बिनसळईचा याहून मोठा काँक्रीट घुमट आजही जगात नाही. युक्ती खडीत आहे. खालच्या थरांत जड दगड, वर जावं तसा हलका, आणि माथ्याजवळ ज्वालामुखीतला सच्छिद्र प्यूमिस, जो पाण्यावर तरंगतो. जाडीही तळाशी सहा मीटरच्या वर आणि माथ्याशी जेमतेम सव्वा मीटर. अगदी मधोमध तर काहीच नाही, उघडं गोल भोक. त्यातून पाऊस थेट आत पडतो, म्हणून फरशीला उतार आणि निचऱ्याची भोकं ठेवली आहेत.

तिथून रेल्वेने दीड तासावर फ्लोरेन्स. तिथल्या कॅथेड्रलच्या भिंती झाल्या होत्या, पण वर सुमारे ४५ मीटर रुंदीचं उघडं तोंड राहिलं होतं. घुमट बांधायचा तर खालून लाकडी सेंटरिंग हवं. एवढ्या उंचीवर एवढं लाकूड आणायचं कुठून? फिलिप्पो ब्रुनेलेस्की हा मुळात सोनारकाम शिकलेला गृहस्थ म्हणाला, सेंटरिंगशिवाय बांधतो. १४२० मध्ये काम सुरू झालं आणि १४३६ मध्ये घुमट पुरा झाला. एकात एक असे दोन घुमट आहेत, आणि त्यांच्या मधून ४६३ पायऱ्या चढून वर जाता येतं. आडव्या विटांच्या थरात ठराविक अंतरावर एक वीट उभी लावलेली. थर आत कलला की ओल्या चुन्यावरच्या आडव्या विटा घसरू पाहतात, पण या उभ्या विटा त्यांना पाचरीसारख्या अडवतात. वेढा पूर्ण झाला की तो स्वतःलाच धरून बसतो, मग पुढचा वेढा. आमच्यातला सोलापूरचा एक जण मात्र शेवटपर्यंत विजापूरच्या गोलघुमटाचीच बाजू लढवत होता.

खरी गंमत पिसाला. मनोऱ्याचं काम ११७३ ला सुरू झालं. तीन मजले होतात न होतात तोच तो मऊ मातीत खचू लागला. लढायांमुळे काम जवळजवळ शंभर वर्षं थांबलं, आणि तेच पथ्यावर पडलं! तेवढ्या काळात खालची चिकणमाती दाबली जाऊन घट्ट झाली. एका दमात बांधला असता तर तो तेव्हाच कोसळला असता.

१९८९ मध्ये इटलीतल्याच पाविया शहरात एक जुना मनोरा अचानक कोसळला आणि चार माणसं गेली. पिसाचा मनोरा तेव्हा साडेपाच अंश कललेला होता. जानेवारी १९९० मध्ये तो पर्यटकांना बंद केला. १९९३ मध्ये उत्तर बाजूला ६०० टन शिसं ठेवलं, तसं कलणं थांबलं. पण शिशाचा तो ढीग दिसायला भयंकर. त्याच्याऐवजी जमिनीत अँकर रोवावेत म्हणून १९९५ मध्ये द्रवरूप नायट्रोजनने माती गोठवायला घेतली, तर मनोरा एका रात्रीत वर्षभराइतका कलला! घाईघाईने आणखी ३०० टन शिसं चढवावं लागलं.

शेवटचा उपाय ऐकून आम्ही सरांकडे बघतच राहिलो. कललेल्या बाजूला आधार द्यायचाच नाही, उलट उंच राहिलेल्या उत्तर बाजूखालची माती काढायची. तिरप्या नळ्या घालून, एका वेळी अगदी थोडी. प्रत्येक वेळी मनोरा काय म्हणतोय ते मोजायचं, मगच पुढची माती. कंबरेला पोलादी दोर बांधलेले होतेच. सुमारे ३८ घनमीटर माती निघाली आणि मनोरा साधारण अर्धा अंश मागे आला. पूर्ण सरळ करायचाच नव्हता, नाहीतर बघायला कोण येणार? डिसेंबर २००१ मध्ये तो पुन्हा उघडला.

आत जिना गोल फिरतो. चढताना अंग कधी आतल्या भिंतीकडे ओढलं जातं, कधी बाहेरच्या. संगमरवरी पायऱ्याही कुठे डावीकडे झिजलेल्या, कुठे उजवीकडे. कोणी जाणार असेल तर या मनोऱ्याचं आणि फ्लोरेन्सच्या घुमटाचं वेळ ठरवून दिलेलं तिकीट आधीच काढा. आणि पायात रबरी तळव्याचे बूट घाला, पायऱ्या गुळगुळीत आहेत.