सादळलेल्या जनित्राची परीक्षा

पावसाळ्यांत डब्याबाहेर राहिलेला पापड सादळतो, हें कोणाहि गृहिणीस सांगावयास नको. दिसावयास तो पूर्वीसारखाच असतो; परंतु हवेंतील ओल त्यांत शिरलेली असते. विजेच्या जनित्राचीहि पावसाळ्यांत हीच गत होते. फरक इतकाच कीं, सादळलेला पापड खाल्ल्यानें कोणाचें नुकसान होत नाहीं. सादळलेलें जनित्र तसेंच चालविलें तर तें जळतें, आणि प्रसंगीं माणसाच्या जिवावरहि बेततें.

तीन फेजच्या जनित्रांत लोखंडी गाभ्याच्या खांचांमधून तांब्याच्या तारांचीं वेटोळीं बसविलेलीं असतात. त्यांचे तीन संच सारख्या अंतरावर असतात. मधला चुंबक फिरूं लागला कीं प्रत्येक संचांत पाठोपाठ वीज उत्पन्न होते. ही तार आणि तो गाभा यांच्यामध्यें असतें तें केवळ एक पातळसें वेष्टण. जुन्या मोठ्या यंत्रांत तें अभ्रक, कागद आणि लाखेचें असे. आजच्या लहान यंत्रांत तारेवर एनॅमलचा थर, खांचांत कागद आणि वर व्हार्निश असतें. हें वेष्टण ओलावलें कीं वीज आपला मार्ग सोडून गाभ्यांत उतरूं पाहते.

या ओलीशीं आपल्या भागाचा परिचय जुना आहे. ठाकुर्लीजवळ चोळें येथें जी. आय. पी. रेल्वेनें १९२९ मध्यें वीजघर सुरू केलें आणि त्या विजेवर घाट चढून पुण्याकडे गाड्या जाऊं लागल्या. तें वीजघर १९८० नंतरच्या दशकांत बंद झालें. परंतु ठाणें, डोंबिवली व कल्याण येथील अनेक गृहसंस्थांच्या आवारांत आज डिझेलवर चालणारें लहानसें जनित्र असतें. तें महिनोन्‌महिने स्वस्थ उभें राहतें आणि ऐन पावसांत, वीज गेली असतां, लिफ्ट व पाण्याचा पंप चालविण्यास त्याला एकाएकीं हांक येते. २६ जुलै १९०५ नव्हे, २००५ चा तो पूर अनेकांच्या स्मरणांत असेल. अशा पुराचें पाणी यंत्रांत शिरल्यावर चिखल पुसून लगेच कळ दाबण्याचा मोह अनावर होतो. तो आवरला पाहिजे.

परीक्षेचें साधन म्हणजे मेगर. ४१५ व्होल्टच्या जनित्रास तें ५०० व्होल्टचा एकदिश दाब देतें आणि वेष्टणांतून किती वीज झिरपते हें पाहून त्याचा रोध मेगओहममध्यें दाखवितें. एक मेगओहम म्हणजे दहा लक्ष ओहम. प्रथम यंत्र बंद करून बॅटरीची तार काढावी, म्हणजे तें आपोआप सुरू होणार नाहीं. बाहेर जाणाऱ्या केबली सोडवाव्या. दाब राखणाऱ्या रेग्युलेटरच्या तारा अवश्य सोडवाव्या. नाहीं तर मेगरच्या दाबानें तोच निकामी होईल. तिन्ही संचांचा सांधा सोडवितां येत असल्यास एकेक संच वेगळा तपासावा व उरलेले दोन सांगाड्यास जोडावे. आंकडा पुरत्या एका मिनिटानें वाचावा. शेवटीं वेटोळ्यांत सांठलेली वीज जमिनींत उतरवूनच हात लावावा. हें काम जाणत्या वायरमननेंच करावयाचें.

आतां आंकड्याचा अर्थ. एक हजार व्होल्टखालील अशा यंत्रास ४० अंश उष्णतेवर निदान ५ मेगओहम असावे, असा अमेरिकन विद्युत्‌-अभियंत्यांच्या संस्थेचा दंडक आहे. उष्णता १० अंशांनीं वाढली कीं रोध सुमारें निम्मा होतो. म्हणून ३० अंशांवर ८ मेगओहम दिसले, तर ४० अंशांस ते चारच धरावे. म्हणजे यंत्र चालविण्यास अपात्र.

परंतु अपात्र यंत्र टाकाऊच असतें असें नाहीं. पुराचा गाळ स्वच्छ पाण्यानें धुवावा आणि कोमट हवेनें वेटोळीं सावकाश वाळवावीं. वाळवितांना रोध प्रथम उतरतो. यंत्र तापल्याचा तो परिणाम असतो. पुढें ओल निघूं लागली कीं आंकडा चढतो आणि अखेर स्थिरावतो. इतकें करूनहि तो खालींच राहिला, किंवा तीन संचांपैकीं एकच फार मागें पडला, तर वेष्टण सादळलेलें नसून फाटलेलें आहे असें समजावें. तेथें नवीन वाइंडिंगवांचून उपाय नाहीं.

म्हणून आपल्या संस्थेच्या चिटणीसांस एक विनंति करावी. मृगापूर्वीं आणि पावसाळा सरल्यावर ही परीक्षा करवून तारीख, उष्णता व तिन्ही आंकडे एका वहींत लिहून ठेवावे. एकट्या आंकड्यापेक्षां वर्षानुवर्षांचा उतार अधिक बोलका असतो, आणि अंधारांत लिफ्टमध्यें कोणी अडकण्यापूर्वींच तो आपणांस सावध करतो.