सुंठीचा गुण आणि बिदरचे आले

रामनवमीला कीर्तनानंतर हातावर पडणारा सुंठवडा आमच्या किनारपट्टीला परिचित आहे. त्यातील सुंठ जिभेला झोंबावी आणि नाकालाही कळावी, ही अपेक्षा काही गैर नव्हे. पण पुष्कळदा हाती येतो तो पांढरट, निर्गंध चुरा. दुकानदाराला दोष देऊन मोकळे होण्यापूर्वी आल्याची सुंठ होताना नेमके काय घडते, हे पाहणे इष्ट ठरेल.

आल्याचा वास आणि आल्याचा तिखटपणा या भिन्न गोष्टी आहेत. वास येतो तो उडून जाणाऱ्या तेलाचा. वाळलेल्या आल्यात हे तेल शेकडा १ ते ३ च्या आसपास असते आणि त्यात झिंजिबेरीनचा वाटा मोठा असतो. तिखटपणा जिंजरॉलचा, तो उडत नाही, पालटतो. वाळताना जिंजरॉलमधून पाण्याचा अंश निघून शोगाओल बनते (जपानी भाषेत आल्याला शोगा म्हणतात) आणि ते अधिक झोंबते. शिजवताना त्याचेच सौम्य झिंजेरोन होते. आर्द्रक आणि शुंठी यांचे गुण वैद्यांनी वेगळे सांगितले, ते उगाच नव्हे.

तेलाच्या पेशी सालीलगत दाटलेल्या असतात. साल खोल तासली की वास सालीबरोबरच उकिरड्यावर जातो. पुढे साठवणीत झिंजिबेरीन क्षीण होते, आर-कर्क्युमीन (ar-curcumene) नावाचे दुसरेच तैलद्रव्य वाढते. या प्रमाणावरून रसायनज्ञ मालाचे वय ताडतात. बाजार मात्र चुन्याने आणलेल्या पांढरेपणावर भुलतो!

याची झळ पिकवणाऱ्यालाही पोचते. केंद्राच्या ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजनेत बिदर जिल्ह्याच्या वाट्याला आलेच आले आहे. ओल्या आल्याचा भाव कोसळला की मैलूर-बिदरच्या परिसरातील शेतकऱ्यापुढे सुंठ करणे हा एक मार्ग उरतो. पण १०० किलो आल्याची सुंठ जेमतेम २० किलो भरते. साल हलक्या हाताने काढून, नीट वाळवून राखलेल्या तेलाचा पैसा त्याला मिळणार नसेल, तर तो हे कष्ट का घेईल?

सुंठीतील तेल मोजायला काचेचे साधे ऊर्ध्वपातन यंत्र आणि काही तास पुरतात. बिदरच्या बाजार समितीत असे यंत्र बसवावे आणि पोत्यावर वजनाबरोबर तेलाचा अंशही लिहिला जावा, अशी आमची सूचना आहे. आमच्या किनाऱ्यावरील व्यापाऱ्यांनीही तो आकडा विचारूनच खरेदी करावी.