दूरचित्रवाणीवरील चरित्र-अभिनेता : दिलीप प्रभावळकर

चरित्र-अभिनेता म्हणजे दुय्यम नट, हा समज दिलीप प्रभावळकरांपुढे टिकत नाही. 1944 साली जन्मलेल्या या नटास घरोघरी पोहोचविले ते मुंबई दूरदर्शनवरील ‘चिमणराव’ मालिकेने. चिं. वि. जोशींचा चिमणराव वाचकांच्या मनात आधीच वसलेला. त्यास देह देणे जोखमीचेच होते. बाळ कर्वे यांच्या गुंड्याभाऊसमवेत प्रभावळकरांनी ते पेलले. तथापि अशा यशाचा ठसा नटास जन्मभर चिकटतो, हा धोका असतोच. पुढे रंगभूमीवर ‘हसवाफसवी’त त्यांनी सहा भूमिका वठविल्या, तेथे वेषांतर साहाय्यास होते. दूरचित्रवाणीचा कॅमेरा मात्र चेहऱ्यानजीक येतो, आणि केवळ रंगभूषेवर भिस्त ठेवणारा नट तेथे उघडा पडतो. म्हणूनच 2001 साली सुरू झालेल्या ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’मधील आबा आम्हांस अधिक मोलाचे वाटतात. मूळ ‘अनुदिनी’ हे लेखनही प्रभावळकरांचेच. पात्राचा स्वभाव नटाच्या आधी लेखकाने जोखलेला होता. सत्तावन्न वर्षांचा नट येथे आजोबा होतो तो मुख्यतः बोलण्याच्या लयीने आणि मध्येच थांबण्याने. 2006 च्या ‘लगे रहो मुन्नाभाई’तील गांधीजींतही हाच संयम आढळतो. त्या भूमिकेसाठी व ‘शेवरी’साठी त्यांना सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला.