गल्ल्यावरचा कागद

धुळ्याहून शिरपूरकडे निघालं की मुंबई-आग्रा महामार्गावर वीसेक किलोमीटरवर सोनगीर लागतं. टेकडीवर जुना किल्ला, खाली गाव, दोंडाईच्याकडे फुटणारा रस्ता आणि तांब्या-पितळेची भांडी. ब्रिटिश काळातल्या गॅझेटियरनेही सोनगीरच्या तांब्या-पितळेच्या कारागिरांची वाखाणणी केली आहे. घोंगड्या आणि जाडंभरडं सुती कापडही इथे विणलं जाई, अशी नोंद त्यात आहे. खानदेशात लग्न ठरलं की हंडा, कळशी, परात, समई घ्यायला माणसं सोनगीरला येत आली.

अशा गावात घरचं दुकान ही नोकरीपेक्षा वेगळी गोष्ट असते. तिथे रजेचा अर्ज नसतो आणि पगाराची चिठ्ठीही नसते. सकाळी शटर वर करायचं, गिऱ्हाइकाशी बोलायचं, तराजू धरायचा, उधारी लिहायची, रात्री गल्ला मोजायचा. वडील किंवा काका जेवायला घरी गेले की दुकानात कोण बसणार, हा रोजचा प्रश्न. आता या घरातल्या एखाद्या मुलाला, मुलीला किंवा सुनेला कागदाचं वेड लागलं तर? घड्या घालून पक्षी करावेत, कागद कापून जाळी काढावी, पुठ्ठ्याचा वाडा उभारावा, दिवाळीला स्वतःचा आकाशकंदील लावावा, असं वाटू लागलं तर? घरात पहिलं वाक्य उमटतं ते ठरलेलं: याचं धंद्यावर लक्ष नाही.

हे वाक्य तपासून पाहण्यासारखं आहे. कारण आपल्याकडचं दुकान आणि कागद यांची जुनी सोयरीक आहे.

किराणा दुकानातली पुडी आठवावी. वर्तमानपत्राचा चौकोनी तुकडा, मधोमध मूठभर धणे किंवा हळद, चार कडा आळीपाळीने आत, शेवटचं टोक खाचेत, आणि वरून टांगलेल्या रिळाचा दोरा चार बाजूंनी फिरवून तोडायचा. गिऱ्हाईक घरी पोचेपर्यंत पुडी सुटता कामा नये आणि घरी गेल्यावर मात्र एका ओढीत उघडली पाहिजे. शेंगदाण्यांची सुरळी निराळी, वैद्याच्या चूर्णाची चपटी पुडी निराळी. वरचा दोरा सोडला तर गोंद नाही, कात्री नाही, फक्त घडी. जपानी लोक ज्याला ओरिगामी म्हणतात त्याचे सगळे नियम या पुडीत पाळलेले असतात. पूर्वी हे काम गल्ल्यावरच्या पोराला पहिल्या आठवड्यातच शिकवलं जाई.

व्यापाऱ्यांच्या चोपड्यांचंही तसंच. जुन्या पद्धतीच्या लांबट वह्यांमध्ये रकाने पाडायला पट्टी-पेन्सिल लागत नसे. पानाला निम्म्यात, पुन्हा निम्म्यात अशा घड्या घालून त्या वळांवरच जमा-नावे लिहीत. लक्ष्मीपूजनाला जिची पूजा होते ती वही अशी घड्यांवर उभी होती.

तो कागद तरी कुठून येई? खानदेशापुरतं बोलायचं तर एक उत्तर जवळच आहे: एरंडोल. आज जळगाव जिल्ह्यात असलेलं हे गाव एके काळी देशी हातकागदासाठी ओळखलं जाई, आणि हा धंदा थोडाफार टिकून असल्याचं इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये नोंदलेलं आहे. दौलताबाद-खुलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचं नाव अधिक गाजलं, पण एरंडोलचा जाडसर कागद हा आपल्या बाजारपेठेचा कागद होता. घड्या घालणाऱ्याला हातकागद आणि यंत्राचा कागद यांतल्या फरकात रस वाटायला हवा. यंत्रावर तयार झालेल्या कागदात तंतू बहुतांशी एकाच दिशेने झोपलेले असतात. त्या दिशेने घडी सरळ पडते, आडवी घातली तर जाड कागद वळावर तडकतो. चाळणीवर हाताने उचललेल्या कागदात तंतू सगळीकडे विखुरलेले असतात, त्यामुळे त्याला अशी ठळक दिशा नसते. यंत्राच्या कागदाच्या एका कोपऱ्यातून बारीक पट्टी फाडून पाहिली तरी ही दिशा कळते: एका बाजूने ती सरळ फाटत जाते, दुसऱ्या बाजूने वाकडीतिकडी.

सोनगीरच्या भांड्यांच्या दुकानात बसणाऱ्याला तर कागदाकडे पाहण्याची आणखी एक नजर आयती मिळते. तांबट सपाट पत्र्यापासून सुरुवात करतो. कागदवालाही सपाट तावापासून. पण तांबं ठोकलं की ताणलं जातं, पातळ होत पसरतं, म्हणून सपाट पत्र्याला घागरीच्या पोटाची गोलाई येते. कागद ताणला जात नाही. त्याची नळी होते, शंकू होतो, पण चेंडू होत नाही. जबरदस्ती केली की सुरकुती पडते किंवा तो फाटतो. म्हणून कागदाला गोलाई द्यायची तर असंख्य घड्या घालाव्या लागतात किंवा तुकडे जोडावे लागतात. आकाशकंदील गोल न होता पैलूदार होतो, त्याचं कारण हेच. लहानपणापासून घागरी हाताळलेल्या माणसाला हा फरक बोटांनाच कळलेला असतो.

या मर्यादेतून एक वाट काढली ती जपानच्या अकिरा योशिझावा यांनी. जाड कागद किंचित ओला करून घडवायचा, म्हणजे तो वाळताना दिलेला मऊ वळसा धरून ठेवतो. ही पद्धत आज जगभर वापरली जाते. पण योशिझावांची खरी गोष्ट घरच्या दुकानात बसणाऱ्यांनी ऐकावी अशी आहे. शेतकऱ्याच्या घरात 1911 साली जन्मलेला हा मुलगा तेराव्या वर्षी टोकियोला कारखान्यात कामाला लागला. पुढे तो तांत्रिक आरेखक झाला आणि नव्या कामगारांना भूमिती शिकवण्याचं काम त्याच्याकडे आलं. त्याने ती कागदाच्या घड्यांनी शिकवली. म्हणजे त्याचा छंद कामाच्या वेळेतच, कामाच्याच उपयोगी पडत होता. 1937 साली त्याने नोकरी सोडली. त्यानंतरची वर्षं हलाखीची गेली. दारोदार खाद्यपदार्थ विकून त्याने दिवस काढले. एका जपानी सचित्र साप्ताहिकाने राशिचक्रातल्या बारा प्राण्यांच्या घड्या मागवल्या आणि 1952च्या जानेवारीत त्या छापून आल्या, तेव्हा कुठे त्याचं नाव झालं. 1954 साली पहिलं पुस्तक आलं. घड्या कशा घालायच्या हे बाण आणि तुटक रेषांनी दाखवण्याची त्याची खूण-पद्धत आज बहुतेक ओरिगामी पुस्तकांत असते.

‘सगळं सोडून आवडीच्या मागे जा’ असं सांगणारे लोक 1952 सालापासून गोष्ट सुरू करतात. मधली चौदा-पंधरा वर्षं वगळली जातात. घरात म्हातारे आईवडील, डोक्यावर बँकेचं कर्ज आणि दारात उधारीवाले असताना ती वर्षं वगळून चालत नाही.

दुसरं उदाहरण आपल्याच देशातलं आहे आणि सोनगीरच्या माणसाला ते अधिक कामाचं. मद्रास इलाख्यात महसूल खात्यात नोकरी करणाऱ्या टी. सुंदर राव यांनी 1893 साली कागदाच्या घड्यांवरून भूमिती शिकवणारं इंग्रजी पुस्तक मद्रासला छापलं. बालवाडीच्या खेळसाहित्यातल्या घडीच्या कागदांवरून त्यांना ती कल्पना सुचली होती. कंपास नाही, फक्त चौकोनी कागद. त्यातून समभुज त्रिकोण, पंचकोन, षट्कोन आणि पुढे वक्ररेषाही. जर्मन गणिती फेलिक्स क्लाइन यांनी त्याची दखल घेतली आणि 1901 साली शिकागोहून त्याची नवी आवृत्ती निघाली. सव्वाशे वर्षांनंतरही ते वाचलं जातं. सारा-वसुलीच्या खात्यात काम करणाऱ्या माणसाच्या हातून हे झालं आहे.

पुण्याशी जोडलेलं नाव अरविंद गुप्ता यांचं. कानपूरच्या आयआयटीतून इंजिनिअर होऊन ते पुण्यात टेल्कोत लागले, 1978 साली मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान-शिक्षण कार्यक्रमात गेले आणि पुढे पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंची खेळणी करून दाखवली. वर्तमानपत्राच्या टोप्या, पंख हलवणारे पक्षी, रद्दीतून निघणारे चमत्कार. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. किराणा दुकानात रद्दी तर गठ्ठ्याने पडलेली असते!

मुंबईत नानासाहेब शेंडकरांनी थर्मोकोलऐवजी घडीच्या पुठ्ठ्याची गणपतीची मखरं करून कागदालाच धंद्याचं रूप दिलं. महाराष्ट्र सरकारने 23 मार्च 2018च्या अधिसूचनेने प्लास्टिकच्या पिशव्यांवर आणि थर्मोकोलच्या सजावटीवर बंदी आणली, तेव्हा अशा कामाकडे लोकांचं लक्ष गेलं. गावोगावच्या दुकानांत कागदी पिशव्या परत आल्या त्याही याच बंदीमुळे. खळ लावून पिशवी करता येणारं माणूस घरात असणं ही त्या दिवसांत दुकानाचीच सोय होती.

तरीही घरात कुरबुर होते, आणि तिच्या मुळाशी आळसाची शंका कमी, हिशेबाची पद्धत जास्त असते. तांब्या-पितळेच्या दुकानात किंमत वजनावर ठरते. धातूचा दर, त्यावर घडणावळ, आणि जुनं भांडं आणलं तर मोड म्हणून वजावट. वीस वर्षं वापरलेल्या हंड्यालाही किंमत असते, कारण तांबं वितळतं. कागदाच्या वस्तूला वजनच नाही. दोन रात्री खपून केलेल्या कंदिलातला कागद, कामट्या आणि खळ यांचा खर्च नगण्य; बाकी सगळी मजुरी. जुना झाला की त्याची मोडही येत नाही. आयुष्यभर वजनाने किंमत केलेल्या वडिलांना त्या कंदिलाचे चारशे रुपये मागणं अवघड वाटतं, ते यामुळे. त्यांच्यापुढे कलेचं महत्त्व सांगण्यापेक्षा घडणावळीचा हिशेब मांडावा. नक्षीच्या समईला साध्या समईपेक्षा जास्त मजुरी का घेतो, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. कागदात सगळी समईच नक्षीची असते, इतकंच.

वेळेचं गणित मात्र खरोखर कठीण आहे आणि ते कामाच्या निवडीवर अवलंबून असतं. गिऱ्हाईक कधीही येतं. खळ लावून ठेवलेला कागद त्याच्यासाठी थांबत नाही. खानदेशच्या मे महिन्यात, पारा चव्वेचाळीसच्या पुढे असताना, तर तो बघता बघता वाळतो. बारीक कातरकाम अर्ध्यावर सोडलं तर हात पुन्हा बसायला वेळ लागतो. घडी मात्र थांबते. म्हणून दुपारी गल्ल्यावर बसून करायला सगळ्यात योग्य काम म्हणजे तुकड्या-तुकड्यांची ओरिगामी. सोनोबे नावाचा एक साधा घटक आहे. चौकोनी कागदाचा, दोन-तीन मिनिटांत होणारा, गोंदाशिवाय एकमेकांत अडकणारा. असे सहा जोडले की घन होतो, बारांचा टोकदार गोळा, तीसचा मोठा, चांदण्या फुटल्यासारखा. दोन गिऱ्हाइकांच्या मधे एक घटक होतो. तो डब्यात टाकायचा आणि उठायचं. तीस जमले की रात्री घरी जोडायचे.

अर्थात हात स्वच्छ हवेत. पितळ पुसलेल्या बोटांचा काळा डाग कागदावरून जात नाही, किराण्यातल्या तेलाचा तर नाहीच. गल्ल्याखाली ओलं आणि कोरडं अशी दोन फडकी ठेवावी लागतात. पंख्याच्या वाऱ्याला वजनाची मापं दाब म्हणून उत्तम. आणि एक शिस्त फार महत्त्वाची: माणूस उंबऱ्यात आलं की हातातला कागद खाली. दुकानातलं माणूस घडी संपवून मग वर बघतं, हे गिऱ्हाइकाने एकदा पाहिलं की ते गावभर होतं.

सगळ्यात मोठी अडचण येते ती दिवाळीत. आकाशकंदिलांना मागणी असते त्याच आठवड्यात भांड्यांच्या दुकानाला श्वास घ्यायला फुरसत नसते, कारण धनत्रयोदशीला नवं भांडं घेण्याची रीत आहे. लग्नसराईतही तेच. रुखवतात मांडायला कागदाची फुलं, पुठ्ठ्याचं तुळशीवृंदावन, कागदी बैलगाडी हवी असते, आणि शेजारी मांडायची पितळेची भांडी दुकानातून त्याच दिवशी निघत असतात. एकाच माणसाकडून दोन्ही कामं एका वेळी होत नाहीत, हे आधी मान्य करायला हवं.

वाट काढायची तर पंचांग पाहावं लागतं. आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, गर्दी आणि त्यानंतरची लग्नं आटोपली की आषाढात चातुर्मास लागतो. लग्नं थांबतात, भांड्यांची विक्री मंदावते. पावसाळ्याचे हे महिने दुकानातल्या माणसाला मोकळे, पण हवा दमट. पतंगी कागद मऊ पडतो आणि खळीला बुरशी धरते. तेव्हा चिकटवण्याची कामं काढू नयेत. घड्या घालाव्यात, पट्ट्या कापाव्यात, कामट्या तासून गठ्ठे बांधावेत, कागद पत्र्याच्या पेटीत ठेवावा. श्रावणात खानदेशातल्या कानबाई देवीच्या सणाच्या सजावटीसाठी थोडं काम होतं, गणपतीत मखराचं होतं, आणि त्या निमित्ताने काय जमतं काय नाही याची चाचणीही होते. नवरात्रापर्यंत हवा कोरडी होऊ लागते. तेव्हा खळ शिजवायची, सांगाडे बांधायचे आणि दसऱ्यानंतरच्या रात्री कंदील चढवत जायचे. धनत्रयोदशीच्या दोन-तीन दिवस आधी शेवटचा कंदील दोरीला लागला पाहिजे, कारण त्यानंतर दुकानात तराजूजवळ माणूस हवं असतं. कंदील विकायचे तर ते दुकानाच्या दारातच टांगावेत: घागर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक मान वर करून किंमत विचारतं, आणि ती सांगायची पाळी बहुतेक वेळा वडिलांवर येते.