हृदयातील विद्युत् अवरोध : दिसतो तेवढाच नसतो

होसकोटे (बंगळुरू) : अचानक भोवळ येणे, क्षणभर शुद्ध हरपणे, थोड्या श्रमाने धाप लागणे या तक्रारी उतारवयातील अशक्तपणाच्या नावावर सहज खपून जातात. त्यांमागे हृदयाच्या विद्युत् वहनातील दोष असू शकतो आणि अनेकदा तो साध्या ईसीजीतही दिसतो.

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यातील सायनस नोड हा पेशीपुंज विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साधारण ६० ते १०० संदेश पाठवतो. एव्ही नोडमध्ये किंचित थबकून संदेश उजव्या व डाव्या शाखांतून खालच्या कप्प्यांत पोहोचतो. जपानी संशोधक सुनाओ तावारा यांनी १९०६ मध्ये या मार्गाचे सविस्तर वर्णन केले. ईसीजीवर ‘पीआर’ अंतर २०० मिलिसेकंदांहून अधिक असल्यास तो पहिल्या श्रेणीचा अवरोध मानला जातो. उजव्या शाखेचा अवरोध निरोगी माणसातही आढळतो. डाव्या शाखेचा आढळल्यास मात्र मूळ हृदयविकाराचा शोध घ्यावा लागतो. मार्ग पूर्ण बंद झाला, तर ठोके मिनिटाला ४० च्याही खाली येऊ शकतात आणि बहुधा पेसमेकर बसवावा लागतो.

हे दोष किती जणांत आहेत, याचे उत्तर ईसीजी कोणाचा काढला यावर अवलंबून असते. चीनमध्ये तक्रार नसलेल्या प्रौढांचेही ईसीजी काढून हे प्रमाण मोजण्याचे प्रयत्न झाले आहेत. वय वाढते तसे ते वाढते. रुग्णालयातील नोंदी हे काम करू शकत नाहीत, कारण तेथे त्रास असलेलाच पोहोचतो.

होसकोटे तालुक्यात शेती आणि कारखाने शेजारी नांदतात. अभिनेते पुनीत राजकुमार यांचे २९ ऑक्टोबर २०२१ रोजी निधन झाले. त्यांच्या नावाच्या कर्नाटकातील ‘हृदयज्योती’ योजनेत तालुका रुग्णालयांतील ईसीजी बंगळुरूच्या जयदेव हृदयरोग संस्थेशी जोडले जातात. योजनेचा रोख हृदयविकाराच्या झटक्यावर आहे. वहनदोष मात्र त्याच कागदावर उमटतो. छातीत न दुखणारा, नुसती भोवळ येणारा शेतकरी किंवा कामगार या वाटेने मोजला जाण्याची शक्यता कमीच.

अशा रुग्णाने चालू औषधांची यादी डॉक्टरांना दाखवणे आवश्यक ठरते. रक्तदाबावरील बीटा ब्लॉकर व डिगॉक्सिन यांनीही वहन मंदावते. दोष अधूनमधून उद्भवत असेल, तर एकदाचा ईसीजी निर्दोष येतो. तेव्हा २४ तास ठोके नोंदवणाऱ्या होल्टर यंत्राचा आधार घेतला जातो. पेसमेकर बसवण्याची शस्त्रक्रिया आयुष्मान भारत योजनेत समाविष्ट आहे.