चेंडू हलविण्याची मुभा
गोल्फचे नियम आणि त्यांमागील न्याय : लेखांक सातवा

मागील लेखांकाच्या अखेरीस आपण ज्या तत्त्वापाशी येऊन थांबलो, ते गोल्फच्या नियमावलीतील पहिल्याच नियमात ग्रथित आहे : मैदान जसे असेल तसे खेळावे आणि चेंडू जेथे विसावला असेल तेथूनच तो मारावा. दंडक इतका कठोर, आणि मैदान मात्र ऊन, पाऊस, हिम यांच्या स्वाधीन. तेव्हा या दोहोंमध्ये कोठेतरी तडजोडीला वाव ठेवणे भागच होते, आणि तो वाव नियमकर्त्यांनी स्थानिक नियमांच्या रूपाने ठेवला. या स्थानिक नियमांपैकी हौशी खेळाडूंमध्ये सर्वांत अधिक प्रचलित, आणि माझ्या मते सर्वांत अधिक बेफिकिरीने वापरला जाणारा नियम म्हणजे चेंडू उचलून, पुसून, जरा बऱ्या जागी ठेवण्याची मुभा. नियमावलीत ही मुभा 'प्रिफर्ड लाइज' या नावाने नमूद आहे. खेळाडूंच्या बोलण्यात मात्र 'विंटर रूल्स' हेच नाव रुळलेले आहे.

अपवाद आणि त्याची हद्द यांची सांगड या खेळात आरंभापासूनच घातलेली दिसते. एडिंबरोजवळच्या लीथ येथील खेळाडूंनी 1744 साली जी तेरा कलमे लिहून ठेवली, ती गोल्फची उपलब्ध असलेली सर्वांत जुनी नियमावली होय. तीत खेळाच्या आड येणारे दगड आणि हाडे दूर करण्याची परवानगी आहे. परंतु ती केवळ मोकळ्या हिरवळीवर आणि चेंडूपासून एका काठीच्या अंतरापर्यंतच. पाण्यात गेलेला चेंडू बाहेर काढण्याचीही सोय आहे, पण त्याबद्दल प्रतिस्पर्ध्याला एक फटका द्यावा लागतो. सवलत द्यावयाची, परंतु तिचे स्थळ, तिचे माप आणि तिचे मोल त्याच वाक्यात सांगून टाकावयाचे, हा शिरस्ता तेव्हापासून आजतागायत चालत आला आहे.

ही मुभा मुळात कशासाठी, हे जुलै महिन्यात चेंबूरच्या अथवा येरवड्याच्या मैदानावरून फिरलेल्या माणसाला समजावून सांगण्याची गरज पडणार नाही. संततधारेने किंवा वितळत्या हिमाने जमीन भिजली म्हणजे उत्तम मारलेला चेंडूही फेअरवेच्या, म्हणजे आखूड कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या, मधोमध चिखल माखून बसतो. आणि असा चेंडू पुढे मारला असता तो बहुधा ज्या बाजूला चिखल असेल तिच्या विरुद्ध बाजूला वळतो, म्हणजे सरळ फटक्याचे फळ वाकडे मिळते. शिवाय भिजलेल्या जमिनीवरील गवताला दुखापत होते, ती निराळीच. सेंट अँड्र्यूजच्या विख्यात ओल्ड कोर्सवर हिवाळ्याच्या महिन्यांत फेअरवेवरील चेंडू चटईच्या तुकड्यावर ठेवून मारण्याची पद्धत पडली, ती मैदानाचे रक्षण व्हावे म्हणूनच. व्यावसायिकांच्या स्पर्धांनाही ही सवलत वर्ज्य नाही : 2016 साली बाल्टसरॉल येथे झालेल्या पी.जी.ए. चँपियनशिपच्या अखेरच्या दिवशी, पावसाने मैदान भिजल्यामुळे, ती जाहीर करण्यात आली होती.

आता नियमाचा प्रत्यक्ष अंमल कसा होतो, ते पाहू. स्पर्धेच्या समितीने आजच्या फेरीपुरती ही मुभा जाहीर केली असून तिचे माप सहा इंच ठरविले आहे, असे समजा. तुमचा चेंडू फेअरवेच्या उंचीइतक्या किंवा त्याहून आखूड कापलेल्या गवतावर पडलेला आहे. तो उचलावा, पुसावा, आणि मूळ जागेपासून सहा इंचांच्या आत, होलच्या अधिक जवळ न जाता, हाताने ठेवावा. एरवी सवलतीचा चेंडू गुडघ्याच्या उंचीवरून सोडावा लागतो. येथे तो ठेवावयाचा असतो, म्हणूनच ही सवलत अधिक उदार आहे. परंतु एकदा ठेवलेला चेंडू स्थिर राहिला की तो खेळात आला. मग शेजारचे गवत अधिक चांगले दिसले म्हणून तो पुन्हा उचलता येत नाही, उचलल्यास दंड बसतो. आणि तुमचा चेंडू फेअरवेच्या कडेपासून अवघी दोन बोटे बाहेर, लांब गवतात असेल, तर ही मुभा तुम्हाला मुळीच नाही. ही दोन बोटे अनेकांना जाचक वाटतात. पण सरळ फटका आणि भरकटलेला फटका यांतील भेद ज्या रेषेवर ठरतो, ती रेषा हीच होय.

यावरून ध्यानात येईल की, योग्य स्थानिक नियमाने चार प्रश्नांची उत्तरे दिलीच पाहिजेत : कोठे, किती अंतर, किती वेळा आणि कोणत्या दिवशी. पाचवा प्रश्न अधिकाराचा. ही मुभा जाहीर करण्याचा अधिकार स्पर्धा चालविणाऱ्या समितीचा आहे. बरोबर खेळणाऱ्या चौघांचा नव्हे. एखादा नियम वा दंड लागू आहे हे ठाऊक असूनही तो पाळावयाचा नाही असे दोघा-तिघांनी आपसांत ठरविले, तर ते सर्वच स्पर्धेतून बाद होतात, इतकी स्पष्ट तरतूद पहिल्याच नियमात आहे. आणि हे सारे खेळापूर्वीच ठरलेले असावे लागते : आपल्याकडे गल्लीत क्रिकेट खेळणारी मुलेसुद्धा 'एक टप्पा आउट' आहे की नाही, हे डाव सुरू होण्यापूर्वीच ठरवितात.

अमेरिकेतील हौशी लीगमध्ये नेमके येथेच घोटाळे होतात. कचेरीतील अथवा कारखान्यातील सहकारी आठवड्यातील एका ठरावीक संध्याकाळी सार्वजनिक मैदानावर नऊ होल खेळतात. वेळ थोडा, अंधार लवकर पडणारा आणि मैदान पुष्कळदा निगराणीवाचून उघडेबोडके. अशा परिस्थितीत कोणीतरी एखाद्या वर्षी 'चेंडू थोडा सरकवला तरी चालेल' असे म्हणतो, ते वाक्य तोंडी दस्तूर बनते, आणि पाहता पाहता ते फेअरवेवरून लांब गवतात, लांब गवतातून झाडामागे आणि ओल्या एप्रिलमधून कोरड्या ऑगस्टमध्ये पसरते. नवा खेळाडू बिचारा चेंडू जेथल्या तेथे मारीत राहतो, जुना खेळाडू काठीच्या टोकाने तो सरकवितो, आणि हंगामाच्या अखेरीस दोघांचे फटके एकाच तक्त्यात मोजले जातात. हा अन्याय कोणी हेतुपुरस्सर केलेला नसतो; न लिहिलेल्या सवलतीतून तो आपोआप उद्भवतो.

सवलत घेणाऱ्याचेही यात हित नाही. 2020 पासून जगभर लागू झालेल्या हँडिकॅप-पद्धतीत, म्हणजे खेळाडूला त्याच्या कुवतीनुसार फटक्यांची सूट देण्याच्या पद्धतीत, 'प्रिफर्ड लाइज'खाली झालेली फेरी ग्राह्य धरली जाते. परंतु नियमांच्या चौकटीबाहेर, वाटेल तेथे चेंडू हलवून केलेले गुण खेळाडूचा हँडिकॅप खोटेपणाने खाली आणतात, आणि तोच खेळाडू परक्या मैदानावर खऱ्या नियमांनी खेळावयास उभा राहिला म्हणजे त्याला हक्काच्या फटक्यांना मुकावे लागते.

लीगच्या मंडळींच्या अडचणी खऱ्या आहेत, हे मी नाकारीत नाही. उघड्या पडलेल्या मुळावर काठी आपटून मनगट दुखावण्याची भीती काल्पनिक नव्हे. पानगळीच्या दिवसांत ढिगात चेंडू हरवतो, हेही सत्य आहे. परंतु या प्रत्येक अडचणीवर नियमावलीत स्वतंत्र उपाय आहे. फेअरवेलगतच्या मुळांसाठी आदर्श स्थानिक नियमाचा मसुदा तयार आहे. पानांचे ढीग साचतात तो भाग दुरुस्तीखालील जमीन समजून तेथून विनादंड सवलत देता येते. स्वतःच्याच आघाताने मातीत रुतलेल्या चेंडूला 2019 पासून लांब गवतातही सवलत आहे. आणि खेळणे अशक्यच असेल, तर एका फटक्याच्या मोबदल्यात चेंडू न खेळण्याजोगा जाहीर करण्याचा हक्क खेळाडूला आहे. तेव्हा लीगच्या चिटणीसाने हंगामाच्या आरंभी अर्धे पान कागद घेऊन, कोणती मुभा, कोठे आणि केव्हापर्यंत, हे लिहून पहिल्या टीजवळ लावावे, आणि मैदान कोरडे होताच ती मुभा रद्द झाल्याचे तितक्याच ठळकपणे जाहीर करावे. परदेशी राहणारे जे मराठी वाचक अशा लीगमध्ये खेळत असतील, त्यांनी हे काम आपणहून अंगावर घ्यावे, अशी माझी मनापासून विनंती आहे.

कारण चेंडू हलला की नाही याचा साक्षीदार या खेळात बहुधा खेळाडू स्वतःच असतो. 1925 साली वुस्टर येथील अमेरिकन ओपन स्पर्धेत हौशी खेळाडू बॉबी जोन्स फटक्यासाठी सज्ज होत असता चेंडू किंचित हलला. दुसऱ्या कोणाला तो हललेला दिसला नव्हता, तरी त्याने स्वतःवर एक फटका लावून घेतला. स्पर्धेअखेर विली मॅकफार्लेनशी त्याची बरोबरी झाली आणि पुढील निर्णायक फेऱ्यांत तो पराभूत झाला. इतका प्रामाणिकपणा खेळाडूंकडून अपेक्षावयाचा, तर तो कोणत्या नियमाशी ठेवावयाचा हे निःसंदिग्ध शब्दांत सांगणे हे समितीचे कर्तव्य ठरते. संदिग्ध मुभेखाली सज्जन माणसालाही आपण नियमात आहोत की नाही, हे कळण्याचा मार्ग उरत नाही.

पुढील लेखांकात, प्रतिस्पर्ध्याने होलजवळचा फटका न मारताच सोडून देण्याची प्रथा कोणत्या प्रकारच्या सामन्यात वैध आहे आणि कोणत्या प्रकारात ती नियमभंग ठरते, याचा विचार करू.